चाळीस घरांचे आवण

ठमी खाजणावर राहायला आली तेव्हा तिच्या डोक्यावर चूल होती. मातीची, सासूने स्वतःच्या हाताने घडवलेली. एका हाताने चूल सावरत आणि दुसऱ्या हाताने सहा वर्षांच्या कमळचा हात धरून ती गुडघाभर चिखलातून चालत होती. पुढे कावड घेऊन तिचा नवरा मोरू. कावडीच्या एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला कोंबड्यांचे खुराडे. १९२४ सालची संक्रांत नुकतीच झाली होती.

जागा म्हणजे रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या बाजूला, दोन टेकाडांच्या मधला तीस एकरांचा चिखल. भरतीला तिथे खारे पाणी शिरे आणि ओहोटीला तिवरांची मुळे उघडी पडत. सहा कुटुंबे तिथे शेती करायला निघाली होती. सगळी पलीकडच्या तीरावरच्या थोरल्या खारीतली, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या जुन्या शेतांच्या गावातली. तिथे भावाभावांत वाटण्या होऊन शेते इतकी अरुंद झाली होती की बैल वळवायचा तर त्याचा पाय शेजाऱ्याच्या भातात पडे. मोरूच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात दोन माणसांचे पोट भरत होते. तिसऱ्याची सोय नव्हती. म्हणून सरकार खाजण देते आहे असे कळल्यावर तो अर्ज करायला सर्वांत आधी अलिबागेला चालत गेला.

जमीन मिळाली, पण अटीवर. बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि चालू साल सोडून दहा वर्षांत निम्म्या जमिनीत, म्हणजे पंधरा एकरांत, भाताचे पीक उभे करून दाखवायचे. १९३४ सालच्या डिसेंबरअखेर ते दिसले नाही तर जमीन परत सरकारजमा. मधल्या मेहनतीबद्दल कोणी काही मागायचे नाही. ठमीला अक्षरओळख नव्हती, पण ही अट तिला पाठ होती. मोरूने ती पहिल्या रात्रीच झोपडीत तिला वाचून दाखवली आणि तिने ती दोनदा वाचायला लावली.

"धा वर्सं म्हंजे कमळ सोळाची व्हईल," ती म्हणाली.

"व्हय. तिच्या लग्नाला घरचा तांदूळ."

पिण्याचे पाणी खाजणावर नव्हते. ते होडीने थोरल्या खारीच्या विहिरीवरून आणावे लागे, तेही भरतीचा हिशेब बघून. ठमी रोज दोन हंडे आणी. विहिरीवरच्या बाया तिला सोडत नसत.

"काय गो ठमे, दर्याचा पानी पिऊन संपला वाटतं?"

"संपला न्हाय. तुमच्यासाठी ठेवलाय थोडा, या कवातरी."

हंडे भरून ती निघे. तिला उत्तरे येत होती, पण बसून बोलायला वेळ नसे.

बांधाचे शास्त्र ठाऊक असलेला एकच माणूस त्या सहा घरांत होता, अंबाजी. साठीला आलेला, वाळक्या फोकासारखा. त्याच्या बापाने आणि आज्याने खारींचे बांध घातले होते. खाडीला दर पंधरवड्यात दोन चेहरे असतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी छाती काढून येते. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे पाणी थकलेले. बांधाचे काम भांगेच्या दिवसांतच करायचे, असा अंबाजीचा दंडक होता.

"उधानात बांध घालनारा मानूस नि पाटलाशी भांडनारा मानूस सारकाच," तो म्हणे. "दोघांचीबी माती व्हते."

ओहोटी लागली की खाडीच्या तळातला चिकट चिखल फावड्याने वड्यांसारखा कापायचा. एका ओळीत बारा माणसे उभी राहत आणि वडी हातोहात बांधावर जाई. अंबाजी ती पायाने दाबून बसवी. भरती आली की थांबायचे. असे करत दीड वर्षात एका टेकाडापासून दुसऱ्या टेकाडापर्यंत आठशे हात लांबीचा बांध उठला. मधे एक उघाडी ठेवली. उघाडी म्हणजे बांधातले दगडी तोंड, त्याला बाहेरच्या बाजूने टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर जाते. भरतीला खाडीचे पाणीच झडप दाबून बंद करते. पाण्याने पाण्याला अडवायचे, अशी ती युक्ती.

मे १९२५ मध्ये बांधात वीस हातांचे तोंड तेवढे बुजवायचे राहिले. एका ओहोटीत, सहा तासांत, ते बुजवले. त्या दिवशी ठमीच्या हातांची सालपटे निघाली होती आणि तरी ती गात होती. पण पुढच्या अमावास्येच्या उधाणाने नेमके तेच तोंड पुन्हा फोडले, आणि फोडताना दोन्ही बाजूंचा चाळीस हात बांधही नेला.

सहाही घरची माणसे टेकाडावर उभी राहून ते बघत होती. अंबाजी खाली बसला. दोन गडी आपसांत थोरल्या खारीत परत जायचे बोलू लागले. ठमी मोजत होती.

"आठशेतलं साठ हात गेलं," ती म्हणाली. "सातशे चाळीस हाय ना उभं? मंग रडताव कनाला?"

अंबाजीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. "पोरी, तू बापय असतीस त मी तुना बांध शिकवला असता."

"मंग शिकव की. बाय हाय म्हनून माझं पाय चिखलात रुतत न्हाईत काय?"

त्याने खरेच शिकवले.

नुसत्या मातीने ते तोंड टिकणार नव्हते. तळाला दगड हवा होता आणि खाजणात दगड कुठला? तो आला करमअलीच्या मचव्यातून. करमअली रेवदंड्याचा. त्याचा मचवा दिवेआगरची सुपारी आणि रेवदंड्याचे नारळ भरून मुंबईला जाई. परत येताना माल कमी आणि मचवा हलका, म्हणून तो वाऱ्याने कलंडू नये यासाठी तळात दगड भरून आणत. घरी पोहोचल्यावर ते दगड काढून फेकून द्यायचे. मोरूने त्याला बंदरावर गाठून, अडखळत, ते दगड मागितले.

करमअली हसला. "दगड मागताना एवढा लाजतोस, तर सोनं मागताना काय करशील? अरे, मला ते टाकायचेच असतात. तिथं टाकले काय नि तुमच्या दारात टाकले काय. इन्शाअल्ला, दर खेपेला आणीन."

ऑक्टोबर ते एप्रिल, अकरा खेपा त्याने आणल्या. बंदराला जायच्या आधी भरतीवर खाडीत आत शिरायचे, दगड टाकायचे आणि त्याच ओहोटीवर परतायचे. ही खाडी त्याच्या वाटेवर नव्हती. त्याची बायको जहुरा प्रत्येक खेपेला गोड्या पाण्याचे मडके त्याच्याबरोबर धाडी. "चिखलात काम करणाऱ्या बायांना आधी पाणी," असा तिचा निरोप असे. ठमीने तिला अजून पाहिले नव्हते. पण त्या मडक्यातले पाणी पिताना ती दर वेळी मनात तिचे नाव घेई.

एप्रिल १९२६ मध्ये तोंड बुजले आणि त्या वर्षीच्या कोणत्याही उधाणात फुटले नाही.

बांध झाला म्हणजे शेत झाले, असे नाही. मातीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन काढावे लागते. पावसाचे पाणी शेतात अडवायचे, चार दिवस मुरू द्यायचे, मग ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, आणि पुन्हा अडवायचे. तीन पावसाळे त्यांनी नुसते पाणी भरले आणि सोडले. उगवले काही नाही. मोरू आणि बाकीचे गडी दिवाळीनंतर लोकांच्या वाड्यांत आळी खणायला जात, बाया मासळी सुकवत. ठमीकडे बांध होता.

खेकडे बांधाला भोके पाडतात. बाहेरून भोक बोटाएवढे, आत पोकळी हंड्याएवढी. एका उधाणात त्या भोकातून पाणी झिरपते, दुसऱ्यात वाहते, तिसऱ्यात बांध जातो. म्हणून दर अमावास्या-पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ठमी आठशे हात बांध अनवाणी चालत जाई आणि परत येई. तळव्याला माती किंचित मऊ लागली की थांबायचे, टाच दाबून बघायची, आणि पोकळ वाजले की तिथे खणून चिखल ठोकायचा. डोळ्याला दिसत नाही ते पायाला कळते, हे तिला अंबाजीने शिकवले. नऊ वर्षांत तिची एकही फेरी चुकली नाही. धाकट्या मुलाच्या वेळी सातवा महिना होता तेव्हाही नाही. त्या फेऱ्यांना मोरू मागून फावडे घेऊन चाले आणि म्हणे, "तू दाखव, मी खनतो. राज्य तुझं, हमाली माझी."

१९२९ साली पहिले भात आले. दीड एकर. तांबड्या तांदळाचे, खाऱ्या मातीला न भिणारे. मग तीन एकर, सहा, दहा. १९३३ च्या पावसाळ्यात सहाही घरांनी मिळून पंधरा एकरांहून थोड्या अधिक जागेत भात पेरले आणि ते सगळे उगवले. मुदतीला अजून एक वर्ष होते. अंबाजी म्हणाला, कार्तिकात सर्कल साहेबांना बोलावू, पीक दाखवून एक वर्ष आधीच मोकळे होऊ.

त्याच वर्षी भाद्रपदात कमळची सोयरीक आली.

मुलाचा बाप धर्माजी थोरल्या खारीतला, चांगला खाऊनपिऊन सुखी. गौरी-गणपती उरकल्यावर, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तो चार माणसे घेऊन दुपारच्या जेवणाला यायचा होता. खारेपाटात पाहुण्याला जिताडा वाढला की मान राहिला, नाहीतर नाही. जिताडा खाडीतला राजा मासा. मोरू दोन दिवस जाळे टाकत होता आणि जाळ्यात कोळंबीशिवाय काही येत नव्हते.

त्या दिवशी सकाळी भरती चढू लागली तेव्हा तो उघाडीवर गेला. झडपेत एक बांबू खुपसून त्याने ती हातभर उघडी ठेवली. भरतीच्या पाण्याबरोबर मासा आतल्या चरात शिरतो. घटकाभराने बांबू काढायचा, झडप मिटते, मासा आत अडकतो. पुष्कळ खारींत लोक चोरून असे करतात. त्यांच्या या नव्या, धाकट्या खारीत मात्र नियम होता की उघाडीला एकट्याने हात लावायचा नाही. दोघे हवेत.

जिताडा आला. चांगला हातभर लांब. मोरूने तो काठावर फेकला आणि बांबू ओढला. झडप मिटली नाही. तिवराचा एक ओंडका वाहत येऊन उंबऱ्यावर अडकला होता. मोरू पाण्यात उतरला, खांद्याने ओंडका ढकलू लागला. पाणी त्याच्या अंगावरून आत धावत होते. त्याच वेळी त्याने बांधावर चढून हाक मारली असती तर बारा माणसे पळत आली असती. पण हाक मारायची म्हणजे आपण काय केले ते सांगायचे. तो एकटाच झुंजत राहिला, आणि भरती उधाणाची होती.

ठमीने चुलीवर मसाला परतताना चरातल्या पाण्याचा आवाज ऐकला. पाणी उलट्या दिशेने वाहत होते. तिने तवा खाली उतरवला आणि ओरडत धावली. माणसे जमली, ओंडका निघाला, झडप बसली. पण तोवर खालच्या आठ एकरांत निसवायला, म्हणजे कणीस बाहेर टाकायला, आलेल्या भाताच्या कमरेला खारे पाणी लागले होते. ओहोटीला ते बाहेर सोडले. पंधरा दिवसांत ती आठ एकर तांबूस झाली आणि दाणा न भरताच वाळली.

पाहुणे त्या दुपारी जेवले. त्यांना काय झाले ते नीटसे कळले नाही. धर्माजीने जिताड्याची स्तुती केली आणि सोयरीक पक्की झाली. ठमीने वाढले, पण स्वतः तुकडाही तोंडात घातला नाही.

सहा घरे जमली तेव्हा मोरू उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले. बांबूपासून ओंडक्यापर्यंत. शेवटी म्हणाला, "माजा वाटा तुमी घ्या. मी जातो."

अंबाजी आता सत्तरीला आला होता. तो म्हणाला, "जायचं त जा. पन तुझं दोन हात हितं ठेवून जा. सहा घरांचं बारा हात कमी पडतात, दहांनी काय व्हनार? हात न्हाय ठेवता येत? मंग बस खाली."

मोरू बसला. त्या दिवसापासून तो थोरल्या खारीत कोणाच्या ओट्यावर चढला नाही. पाणी आणायला गेला तरी विहिरीवरून परत येई. ठमी त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी फेरी होती. ती बांधावर निघाली आणि मागे वळून म्हणाली, "फावडा कोन घेनार? माजा बापूस?"

शेवटचे वर्ष उजाडले. १९३४ च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. वरच्या सात एकरांची चिंता नव्हती. खालची आठ एकर मात्र पुन्हा धुवायला हवी होती. अंबाजी म्हणाला, तीन पाणी सोडा, मग पेरा. दोन पाणी सोडून झाले आणि बाकीच्यांचा धीर सुटला. पेरायला उशीर झाला तर कार्तिकात कणीस दिसणार कसे? म्हाताऱ्याचे न ऐकता त्यांनी मोड आलेले बियाणे चिखलात फोकले, म्हणजे हाताने विखरून पेरले. ठमीनेही हात लावला. तिलाही घाई झाली होती. आठ दिवसांनी सगळे कोंब पिवळे पडले. बियाणे संपले.

अंबाजी रागावला नाही. तिसरे पाणी भरा, एवढेच म्हणाला. ते सोडून झाले तेव्हा आषाढाची अखेर जवळ आली होती. जमीन आता तयार होती आणि पेरायला काही नव्हते. बियाणे असते तरी उपयोग नव्हता. एवढ्या उशिरा फक्त महिन्याभराचे तयार रोपच हाताशी लागले तर निभाव होता. रोपाला तिकडे आवण म्हणतात.

ठमी रात्रभर पडून होती. सकाळी ती मोरूला म्हणाली, "थोरल्या खारीत लावनी कदी सरंल?"

"दोन-तीन दिसांत. का?"

"उरलेलं आवन काय करतात?"

मोरू उठून बसला. त्या भागात एक रीत आहे. लावणी झाल्यावर प्रत्येकाच्या राबात, म्हणजे रोपे वाढवायच्या तुकड्यात, थोडे आवण उरतेच. ते विकायचे नाही. ज्याला कमी पडले त्याने मागावे आणि ज्याच्याकडे उरले त्याने द्यावे. कोणी मागितले नाही तर गुरांना. पण ही मागणी शेजाऱ्या-पाजाऱ्यांत, चार मुठींची. आठ एकरांचे आवण आजवर कोणी मागितले नव्हते. आणि ज्या गावाला दहा वर्षांपूर्वी पाठ फिरवली त्या गावात ते मागायचे होते.

"मी येत न्हाय," मोरू म्हणाला. "कोन्त्या तोंडानं येऊ?"

"तू होडी वल्हव. तोंड माजं हाय."

ती पहिल्यांदा गेली धर्माजीकडे. व्याह्याच्या दारात मागायला जाणे लग्नाआधी बरे नव्हे, हे तिला कळत होते. पण त्याला टाळून दुसऱ्याकडे गेली असती तर ते अधिक वाईट. तिने ओट्याखाली उभी राहून, काही न लपवता, झडप, ओंडका, जळलेले कोंब, मुदत, सगळे सांगितले. धर्माजी ऐकत राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी मी आठ एकर खाल्ली?"

"तुमची चूक न्हाय ती."

"अवो यीनबाय, त्यातली शेपटी नि डोकं दोनी मीच खाल्लं! मागून रस्सा बी पिलो!" तो उठला. "माज्या राबातलं सगलं घेवा. मंग मी येतो तुमच्यासंगती, घरोघर. मना कोन न्हाय म्हनतो बघू."

घरोघर म्हणजे चाळीस घरे. काहींनी हसत दिले, काहींनी उपदेश करून दिले. विहिरीवर टोमणे मारणाऱ्या बायांनी स्वतः चिखलात उतरून जुड्या बांधल्या. शेवटच्या टोकाला तुळशी नावाची एकटी म्हातारी राहत असे. तिच्या राबाचा तुकडा दोन खाटांएवढा. तिने सगळे उपटून दिले.

"आजी, तुमच्या म्हशीला ठेवा थोडं."

"म्हशीला रान हाय गो. तुना काय हाय?"

पावसात मचवे समुद्रावर जात नाहीत. करमअलीचा मचवा झावळ्यांखाली शाकारून ठेवला होता. पण मोरूची एकट्याची होडी एवढे आवण वाहणार नाही हे त्याला कोणाकडून तरी कळले, आणि तो स्वतःची छोटी होडी घेऊन भर पावसात खाडीतून आला. बरोबर जहुरा. तिने ठमीला वर-खाली न्याहाळले.

"तूच का ती? मला वाटलं होतं, अंगानं मोठी असशील."

"मना वाटला व्हता तुमी बारीक असाल," ठमी म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. मग ठमीने तिचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. अकरा खेपांचे पाणी एका शब्दात परत देता येत नव्हते.

तीन दिवसांत दोन्ही होड्यांनी मिळून चौदा खेपा केल्या. सहा घरांची लहानथोर माणसे आठ एकरांत वाकली होती. धर्माजीने आपली चार माणसे आणली. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी शेवटची जुडी लागली.

भात लागले, पण ते एका तोलाचे नव्हते. चाळीस राबांतले आवण, कुठे उंच, कुठे खुजे. एकाची पात हिरवी, दुसऱ्याची काळसर. उघाडीजवळ एक पट्टा मेलाच. कणसेही एकदम आली नाहीत.

दिवाळीनंतर सर्कल साहेब आले. छत्री, काखेत दप्तर, बरोबर साखळी धरणारा एक शिपाई. दुसरे टोक धरायला माणूस हवा होता. मोरू पुढे झाला. मेलेला पट्टा सोडून मोजायचे ठरले. साखळी पुढे पुढे सरकत होती आणि ठमी बांधावर उभी राहून ओठ न हलवता मोजत होती.

साहेब थांबले. "हे काय? एका शेतात इतक्या जाती? बियाणे कुठले?"

अंबाजी खाली बघू लागला. दिलेले, मागितलेले पीक स्वतःचे धरले जाईल की नाही, याची सगळ्यांनाच धास्ती होती. कोणी काही खोटे सांगायच्या आत ठमी म्हणाली, "थोरल्या खारीतल्या चाळीस घरांचं आवन हाय, सायेब. आमचं जळलं. आमच्याच चुकीनं. तवा त्या लोकांनी उरलेलं दिलं."

साहेबांनी दप्तर उघडून कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला. एवढा वेळ लागला की मोरूच्या हातातली साखळी खाली लोंबली.

"अटीत लिहिले आहे, भाताचे पीक उभे असावे," ते म्हणाले. "आवण कोणी दिले ते विचारलेले नाही. साखळी धर नीट."

मोजणी भरली पंधरा एकर तीन गुंठे. साहेबांनी ते लिहिले. ठमीने त्यांना ते मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. तिने पुन्हा सांगितले, आणि त्यांनी पुन्हा वाचले.

"बाई, आता पटले का?"

"पटलं, सायेब. ऐकायला गोड लागतं म्हनून म्हटलं."

झोडणी झाली. ठमीने पहिला तांदूळ कांडला आणि घरच्या हंडीत घालण्याआधी चाळीस घरांच्या चाळीस पुरचुंड्या बांधल्या. आवण विकायचे नाही अशी रीत होती. परतफेड करायची अशी रीत नव्हती. ही तिने स्वतः घातली. मोरूला म्हणाली, "आता तोंड तुझं. मी होडी वल्हवीन."

वर्षभरानंतर मोरू थोरल्या खारीत लोकांच्या ओट्यावर चढला. काम एका सकाळचे होते, पण त्याला तीन दिवस लागले. प्रत्येक घराने बसवले. धर्माजीने वैशाखातली तिथी तिथेच ठरवून टाकली आणि बजावले की लग्नात काहीही करा, पण जिताडा नको.

तुळशीचे घर शेवटचे. तिने पुरचुंडी सोडून तांबडे दाणे तळहातावर घेतले, नाकाजवळ नेले. "मना दात न्हाईत. चावनार कशी?"

ठमीने तिथेच तिची चूल पेटवली आणि पेज केली. म्हातारी फुंकर मारत वाटी पिऊ लागली. मोरू दाराशी बसला होता, जणू साहेबांची साखळी अजून त्याच्या हातात होती.

तुळशीने अर्धी वाटी संपवली आणि ती पुढे केली.

"अळणी झालीय गो," ती म्हणाली. "जरा मीठ टाक."